गच्चीवरचा पाव तास

गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या मांडवात नव्याने बदली होऊन आलेलं एखादं कुटुंब भेटतं आणि ओळखीपाळखी सुरू होतात. कोणी बँकेत, कोणी लेखापरीक्षणात, कोणी सैन्यात. माझी पाळी आली की शैला, म्हणजे माझी बायको, मला तोंड उघडू देत नाही. "यांचं काही विचारू नका. यंत्रं बोलतात आणि हे त्यांचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घालतात. थोडक्यात काय, चहाड्या करतात." सगळे हसतात, मीही हसतो. चंडीगढच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत उपकरणं जुळवण्यात माझी उभी हयात गेली, पण माझ्या कामाची याहून बरी व्याख्या मलाही कधी जमली नाही.

तरी ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी सांगून टाकतो. एक तापमापक असतो. त्याला पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक जोडलेला असतो आणि त्यात चार ओळींचा प्रोग्रॅम असतो, त्याला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो. ही स्क्रिप्ट ठरल्या वेळी जागी होते, तापमान वाचते आणि तो आकडा इंटरनेटवरून लांब कुठेतरी असलेल्या सर्व्हरला, म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या मोठ्या संगणकाला पाठवते. सर्व्हर आकडा ठेवून घेतो आणि उलट सांगतो, मिळालं. ते उत्तर आलं की स्क्रिप्ट पुन्हा झोपते. सर्व्हर त्या आकड्याचा एक ठिपका काढतो, ठिपक्याला ठिपका जोडून रेघ होते आणि ती रेघ जगात कुठेही बसून मोबाइलवर बघता येते. शीतगृह असो, दुधाची टाकी असो की हवामान खात्याची पेटी, आतली गोष्ट हीच.

किती वेळाने पाठवायचं ते स्क्रिप्टमधला एक आकडा ठरवतो. आम्ही सगळे तिथे पंधरा लिहायचो, म्हणजे दर पाव तासाला एक ठिपका. हवा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही, उगाच सर्व्हरला कशाला पिडायचं, हा त्यामागचा विचार. मला तो शिकवणाऱ्यानेही केला होता आणि त्याला शिकवणाऱ्यानेही. मी तो पुन्हा कधी केला नाही.

गिऱ्हाइकं एकेक भेटायची. खरड गावाजवळ सफरचंदांचं शीतगृह चालवणारे एक लालाजी होते. त्यांच्या रेघेला रोज दुपारी उंचवटा यायचा. "माने साब, आपकी मशीन झूठ बोलती है," म्हणून ते माझ्यावर डाफरायचे. शेवटी मी जाऊन बसलो, तर त्यांचा मुनीम जेवण झाल्यावर शीतगृहाचं दार उघडं टाकून आत गारव्याला डुलकी काढायचा. त्यानंतर मुनीमजींनी माझा नमस्कार कधी घेतला नाही. सांगायचा मुद्दा, रेघेतल्या उंचवट्यामागे माणूस असू शकतो हे मला ठाऊक होतं, आणि कित्येकदा मी हा किस्सा चवीने सांगितलाही होता.

पण मुनीम विरळा. बहुतेक वेळा रेघ मध्येच उंच उडते ती फालतू कारणाने. तार ढिली असते, तापमापकावर ऊन पडतं, एकदा तर पाल बसलेली निघाली. मग आम्ही स्क्रिप्टमध्ये एक ओळ घालतो: आधीच्या आकड्यापेक्षा नवा आकडा फारच वेगळा असेल तर तो टाकून द्यायचा. याला साफसफाई म्हणतात. गिऱ्हाइकाला सरळ, गुळगुळीत रेघ आवडते, अहवालात ती शोभून दिसते. माझ्या रेघा नेहमी स्वच्छ असायच्या आणि त्याचा मला तोराही होता.

निवृत्त झाल्यावर घरी बसून शैलाच्या डोक्याला ताप नको, म्हणून सेक्टर सतरामध्ये एका मित्राच्या दुकानावरच्या माळ्यावर मी एक टेबल टाकलं. तिथे एक दिवस बचित्तर सिंग आले. उंचेपुरे, निळी पगडी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तो छोटा संगणक. बसगाड्यांच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, राहायला विमानतळाजवळच्या एअरोसिटीत.

"इसको जवाब आना बंद हो गया जी," त्यांनी टॉवेल उलगडत सांगितलं. "मेरा बेटा कनाडा में है. उसी ने बनाया था. वो वहां बैठ के इसमें अपने घर का टेम्परेचर देखता है. अब रेखा ही नहीं बनती."

मी तपासून पाहिलं. यंत्राला काही झालं नव्हतं. मुलाने कॉलेजात असताना एका फुकट सर्व्हरवर खातं उघडून ही स्क्रिप्ट लिहिली होती. मधल्या काळात त्या सर्व्हरने नियम बदलले. पूर्वी तिथे उघड्या पोस्टकार्डासारखा आकडा पाठवला तरी चालायचा, आता तो बंद पाकिटातून आणि नवी किल्ली लावून पाठवावा लागत होता. स्क्रिप्ट बिचारी साधी. ती दर पाव तासाला जुन्या पद्धतीने आकडा नेत होती, सर्व्हर दर वेळी नाही म्हणत होता आणि हे कोणाला सांगावं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"सोपं आहे," मी हिंदीत म्हटलं. "हे फेकून द्या. मी नवीन लिहून देतो, नवीन खात्यावर."

"ना जी, ना." त्यांनी संगणकावर हात ठेवला. "लिखा हुआ उसी का रहेगा. जगह भी वही. नहीं तो वो ढूंढेगा कहां?"

म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. एअरोसिटीतलं दोन मजली घर, वर गच्ची आणि गच्चीत जिना जिथे संपतो तिथली ती छोटी खोली, जिला पंजाबात ममटी म्हणतात. संगणकाची जागा ममटीत होती. तिथून एक तार बाहेर येऊन भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या डब्यात शिरली होती आणि डब्यात करंगळीच्या पेराएवढा तापमापक होता. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात की बोलणं थांबवावं लागे. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना बीजी म्हणत, एक हात गुडघ्यावर टेकत चहा घेऊन वरपर्यंत आल्या आणि मी अवघडून गेलो.

मुलाचं नाव जसप्रीत, घरात जस्सी. बापाने खटपट करून त्याला वर्कशॉपमध्ये पक्की सरकारी नोकरी बघून ठेवली होती. मुलाने ती नाकारून कॅनडाच्या व्हिसाची फाइल लावली. खडाजंगी झाली. निघायच्या दिवशी तो पाया पडायला आला तेव्हा बचित्तर सिंग गच्चीवर येऊन उभे राहिले होते.

"नीचे टैक्सी हॉर्न मारती रही," बचित्तर सिंग म्हणाले. "बीजी ने तीन आवाजें दीं. मैं उतरा नहीं जी. सोचा, वो ऊपर आएगा. उसने सोचा होगा, बापू नीचे आएगा."

त्यानंतर फोन यायचा तो बीजींना. "बापू ठीक?" असं तो विचारी, "ठीक" असं त्या सांगत आणि विषय संपे. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांमध्ये ही एक रेघ तेवढी होती.

नव्या किल्लीसाठी खातेदाराची परवानगी लागते, म्हणून मी जिन्यात उभं राहून जस्सीला फोन लावला. आवाज मोकळा, नम्र. मी काय काम ते सांगितलं.

"अंकल, वो अभी तक चल रहा है?" तो चकित होऊन म्हणाला. "वो तो कॉलेज का प्रोजेक्ट था यार... सॉरी, अंकल. मैं तो भूल ही गया था."

त्याने लागेल ती परवानगी लगेच दिली. मी त्याला म्हटलं, तुझे वडील यासाठी सेक्टर सतरापर्यंत आले होते, कधीतरी उघडून बघ. "हां अंकल, पक्का," तो म्हणाला. सगळेच म्हणतात तसं म्हणाला.

वर आलो तर बचित्तर सिंग दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन उभे. मी खाली मान घालून कामाला लागलो. खोटं बोलावं की खरं, हे मला ठरवता येईना. त्यांनीच सोडवलं.

"मुझे पता है जी, वो नहीं देखता," पेला माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले. "पर जिस दिन देखे, उस दिन उसको रेखा खाली ना मिले."

मी जस्सीच्या स्क्रिप्टमधल्या दोनच ओळी बदलल्या, बाकी त्याचं लिहिणं तसंच ठेवलं. पंधराचा आकडाही तसाच. थोड्या वेळाने रेघेच्या तुटलेल्या टोकापुढे एक ठिपका उमटला. बचित्तर सिंग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन तो ठिपका बघत राहिले. मजुरीचं बोलणं निघायच्या आतच बीजींनी माझ्या हातात सरसोंच्या सागाचा डबा आणि मक्याच्या पिठाची पिशवी दिली.

दुरुस्त केलेली रेघ काही दिवस आपल्या मोबाइलवर बघायची ही माझी जुनी सवय. सकाळच्या चहाबरोबर पेपर आणि रेघ. तर या रेघेत रोज सकाळी एक उडी दिसायला लागली. थंडीचे दिवस, गच्चीवर कडाक्याचा गारठा आणि आकडा एकदम तिशीच्या वर. एकच ठिपका उंच आणि पुढच्या ठिपक्याला परत खाली. ऊन म्हणावं तर बाहेर धुक्याने हात दिसत नव्हता. तार ढिली म्हणावी तर ती रोज सकाळीच कशी ढिली होते? मी पाणी तापवायच्या बंबापासून शेजाऱ्याच्या धुराड्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मुनीमाची आठवण मात्र आली नाही.

शेवटी फोन केला. "सरदारजी, तापमापकाला काहीतरी गरम लागतंय. मी इथूनच एक ओळ घालतो, उडी कापली जाईल. रेघ साफ होईल."

"काटना मत जी," ते घाईघाईने म्हणाले.

"पण तो आकडा चुकीचा आहे."

"गलत नहीं है. जैसा जाता है, वैसा जाने दो."

मला राग आला. माझ्या हातून गेलेली रेघ अशी ओबडधोबड राहावी हे मला सोसत नव्हतं. शैलाजवळ मी करवादलो, म्हातारा हट्टी आहे, शास्त्र कशाशी खातात ते ठाऊक नाही.

"का नको म्हणतात ते विचारलंत का?" ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"त्यात विचारायचं काय?"

"मग तुमच्यात हट्टी कोण ते कसं कळायचं?"

मी नाही विचारलं. त्यांची रेघ, त्यांचं घर, मला काय, असं म्हणून सोडून दिलं. पण बघायचो रोज. उडी रोज असायची.

मग जानेवारीत एका सकाळी उडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रेघ कशी, आखून काढल्यासारखी. आणि मला आनंद झाला हो! हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. मी मोबाइल शैलाच्या नाकासमोर धरला. "बघ. आपोआप सरळ झाली की नाही? तार ढिलीच होती."

"फोन करून बघा की एकदा," ती म्हणाली.

"कशाला? झकास चाललंय आता."

लोहडीच्या सणाच्या शुभेच्छा द्यायला म्हणून मी फोन केला तेव्हा तो बीजींनी उचलला. छातीत कळ येऊन बचित्तर सिंगांना इस्पितळात नेलं होतं. आदल्याच दिवशी ते गेले. बीजी शांतपणे सांगत होत्या आणि माझ्या हातातल्या मोबाइलवरून मी शैलाला दाखवलेली ती सरळ रेघ काही केल्या नजरेपुढून हलेना. ती जेव्हा सरळ झाली तेव्हा माणूस जिवंत होता. मी भेटायला जाऊ शकलो असतो.

जस्सी आला. गुरुद्वाऱ्यात शेवटची अरदास, म्हणजे प्रार्थना झाली, लंगर झाला, माणसं पांगली. मी घरी गेलो तेव्हा बीजी दिवाणखान्यात बसल्या होत्या आणि जस्सी त्यांच्या पायाशी. बापासारखाच उंच, दाढी तशीच, फक्त काळी. काहीतरी बोलायचं म्हणून मी बीजींना सांगितलं, सरदारजींनी ती रेघ जिवापाड जपली.

"रोज जाते थे जी ऊपर," बीजी म्हणाल्या. "उठते ही. मैं कहती, ठंड है, चाय तो पी लो. ना. डब्बा खोल के वो छोटी सी चीज मुट्ठी में पकड़ के खड़े रहते. कहते, जस्सी को पता लगे, बापू उठ गया."

जस्सी माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"मैंने खोला था, अंकल," तो म्हणाला. "आपके फोन के बाद. एक बार. देखा कि सुबह-सुबह जंप आ रहा है. मुझे लगा सेंसर खराब है. बंद कर दिया."

तोही इंजिनिअर, मीही इंजिनिअर. माणसाच्या अंगाची ऊब आकड्यात येऊन आमच्यापुढे रोज उभी होती आणि आम्हा दोघांनाही तो बिघाड वाटला. बीजींना कोणी विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

तो उठून जिन्याकडे गेला. मी मागोमाग गेलो. वर धुकं होतं, विमानाचा नुसता आवाज येत होता. त्याने डबा उघडला, तापमापक मुठीत धरला आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन रेघेकडे बघत उभा राहिला. काही झालं नाही. एक ठिपका नुकताच येऊन गेला होता.

"आ क्यों नहीं रहा?"

"पंधरा मिनिटांतून एकदाच जातो," मी म्हटलं. "तूच लिहिलं आहेस बेटा. आता पुढचा आकडा जाईपर्यंत थांबावं लागेल."

तो थांबला. मुलगा थंडीच्या देशातून आलेला, पण अंगात घरातलाच पातळ कुर्ता. थोड्या वेळाने त्याची बोटं लाल झाली. मी म्हटलं, हात बदल. त्याने नकाराची मान हलवली.

"बापू को पता था, कब जाता है?"

"नाही. कोणी सांगितलंच नव्हतं."

"तो रोज..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. मोबाइलवर आपला ठिपका उमटेपर्यंत, मूठ न सोडता, तो म्हातारा रोज इथे उभा राहत होता. कधी आकडा लगेच जात असेल, कधी पुरा पाव तास. छातीत दुखत असेल त्या दिवशीही.

ठिपका आला. उंच, एकटा, मला आता पाठ झालेल्या उंचीवर. जस्सीने बोटाने रेघ मागे सरकवली. सरळ सपाट दिवस गेले आणि मग बापाचे ठिपके लागले, रोज सकाळचा एक, मागे, आणखी मागे, थेट मी ती दुरुस्त केली त्या दिवसापर्यंत. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडला. मीही डोळे पुसले. आमच्या खात्यात हे बसत नाही, पण पुसले.

जायच्या आदल्या दिवशी तो सेक्टर सतराच्या माळ्यावर आला. "अंकल, बीजी कहती हैं, अब वो जाएंगी ऊपर. उनके घुटने तो आपने देखे हैं. वो पंद्रह का एक कर दोगे? मेरे से नहीं होगा."

मी टेबलावरूनच त्याच्या स्क्रिप्टमध्ये शिरलो. पंधरा पुसून एक लिहिलं आणि साठवलं. चहावाला पेले ठेवून वळायच्या आत काम झालं होतं. आता बीजी वर जातात, मिनिटभर मूठ धरतात आणि खाली येतात. कॅनडातून त्यांना लगेच फोन येतो.

बचित्तर सिंगांसाठीही हे इतक्याच वेळात झालं असतं. त्यांनी मागितलं नाही, आणि मी विचारलं नाही.